सात नंबरच्या खाटेसमोरची खिडकी

साहेब, तुम्ही एका बाईची वाचा उपटून भंगारात फेकली. खुर्चीत तेव्हा तुम्ही होता की दुसरं कोणी, हे विचारायचं कारण नाही. खिडक्या बदलायचा हुकूम तुमच्याच दवाखान्यात निघाला, आणि त्याआधी सात नंबरच्या खाटेवर एकदा आडवं होऊन बघायचं तुम्हाला सुचलं नाही.

त्या खाटेवर धुरपता होती. अहमदपूरजवळच्या खेड्यातल्या पिराजी सुताराची बायको. लकव्यानं उजवं अंग गेलं, जीभ गेली. शुद्ध मात्र लख्ख. समोर जुनी सागवानी खिडकी. लाकडाच्या बोटभर पट्ट्यांनी तिची बारा तावदानं पाडलेली. पिराजीला आधी त्या पट्ट्यांचंच कौतुक.

"बघ की, एक खिळा न्हाई. सगळी सांध्यावर उभी. कुण्या वस्तादाचा हात हाय."

चाळीस वर्षं रंधा मारलेला माणूस. बायकोला धीर द्यायला त्याच्याकडं दुसरं बोलणं तरी कुठलं?

तिसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं, तहान लागली की धुरपताची नजर वरच्या डाव्या तावदानात जाते. तिथून पाण्याची टाकी दिसायची. त्यानं पाणी पाजलं, तिनं समाधानानं डोळे मिटले. मग भाषा जमत गेली. लिंबाचं झाड दिसायचं ते तावदान म्हणजे पंखा लाव. रस्त्याचं तावदान म्हणजे लेकीला फोन लाव. कानावरची पेन्सिल काढून तो एकेका तावदानावर टेकवायचा. बरोबर असलं की ती डोळे मिटायची.

खालच्या कोपऱ्यातल्या तावदानानं मात्र त्याला छळलं. त्यातून भज्यांचा गाडा दिसायचा. दुपार झाली की धुरपता तिथंच बघत राहायची.

"अगं, डॉक्टरनं भजे बंद केलेत. पेज गिळता येईना तुला, अन् भजे खाती?"

ती पुन्हा तिथंच बघायची. दोन दिवस त्यानं समजावलं, तिसऱ्या दिवशी जरा रागावलाच. शेजारच्या खाटेवर नवऱ्याची सेवा करणारी देगलूरकडची कमलम्मा ऐकून ऐकून वैतागली.

"पिराजी, लाकडासंगं राहून लाकूड झालास काय? तिला नको हायत भजे. तू जेवलास का, ते विचारून राहिली ती."

पिराजीनं पेन्सिल त्या तावदानावर टेकवली. "माझं जेवण, अक्का म्हणते तसं?"

धुरपतानं डोळे मिटले. उघडले तेव्हा ओले होते.

तो बाहेर गेला, गाड्यावर भजे घेतले आणि खिडकीकडं तोंड करून, तिला दिसेल असं, उभ्या उभ्या सगळे खाल्ले.

पुढच्या सोमवारी खिडकी उखडली. सरकारी पाहणी होणार होती म्हणे, सगळं नवंकोरं दिसायला हवं. ॲल्युमिनियमची चौकट आली, तिच्यात एकच अखंड काच. उजेड लई पडला. पण धुरपताची नजर टाकीवर थांबली का लिंबावर, ते पिराजीला कळेना. ती पाणी मागायची, तो पंखा लावायचा. दोन दिवसांनी तिनं खिडकीचा नाद सोडला आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

पिराजी दवाखान्यामागच्या ढिगाऱ्यात शिरला. जुन्या खिडकीच्या पट्ट्या निवडल्या, घासल्या, मापात कापल्या आणि चिकटटेपनं नव्या काचेवर बसवल्या. बाराच्या बारा तावदानं पाडली. मग हलक्या हातानं धुरपताची मान वळवली. तिनं सगळीकडं एकदा नजर फिरवली आणि ती खालच्या कोपऱ्यात थांबली.

"जेवलो गं," पिराजी म्हणाला. खोटं होतं.

पाहणीच्या सकाळी शिपायानं पट्ट्या ब्लेडनं खरवडून काढल्या. सरकारी काच विद्रूप केली म्हणून पिराजीला साहेबांच्या खोलीत बोलावणं आलं. तो काखेत पट्ट्यांची मोळी घेऊन टेबलासमोर उभा राहिला.

"काच मी पुसून देतो साहेब, डाग राहणार न्हाई. तेवढं एक सांगा. माझ्या बायकोनं आता कुठं बघायचं?"

खुर्चीतल्या साहेबांनी फाईल उघडली.

"फाईलीत न्हाई ते," पिराजी म्हणाला. "माझ्याकडं बघा. उत्तर ऐकल्याबिगर मी हलणार न्हाई. कुठं बघायचं तिनं?"