हौसामावशीने निवडलेला डबा

गडब गावच्या घंटागाडीवर हौसा चार वर्षं कचरा गोळा करत होती. भाजीची देठं, फुटक्या बाटल्या, कशाचंच तिला काही वाटत नसे. जीव नकोसा करत ती डायपर. पातळ पिशवी फाडून कुत्री ती पार भातखाचरापर्यंत ओढत नेत, आणि वेचायची मात्र हौसाने.

त्या सकाळी ऋतुजाच्या दारात तिने तोंडाचा पट्टा सोडला. "ऋतुजा गो, तुझ्या लेकीचं डायपर आता शेतातून उचलून आणलं मी. पुन्हा असं दिलंस तर तुझ्याच ओट्यावर ठेवून जाईन!"

ऋतुजाची मनस्वी चार महिन्यांची. नवरा डोलवीच्या कंपनीत शिफ्टला गेलेला. ती रडकुंडीला आली. "मग कशात टाकू ते तरी सांगा, मावशी. मोबाईलवर रोज नवीन डबा दाखवतात. कुठला घ्यायचा, मला काय कळतंय?"

चार वर्षांत हे हौसाला कुणी विचारलंच नव्हतं.

"दुपारी पेणला चल," ती म्हणाली. "मी येते संगती."

मनस्वीला घेऊन दोघी मिनीडोर रिक्षाने पेणला उतरल्या. बाळांच्या सामानाच्या दुकानात मालक आदेशशेठने ऋतुजासमोर सगळ्यात भारी डबा मांडला. हौसाकडे त्याने पाहिलंही नाही. "मॅडम, हा खास डायपरचाच. आत पिशवीचा रोल असतो. वास येणारच नाही."

"रोल संपला की?" हौसाने विचारलं.

"ऑनलाइन मागवायचा."

"आणि तो येईस्तोवर?"

शेठने उत्तराऐवजी गुलाबाच्या वासाच्या पिशव्या पुढे केल्या. नेमकं तेव्हाच मनस्वीने आपलं काम उरकलं. ऋतुजा शरमेने लाल झाली. हौसाचे डोळे मात्र चमकले.

"बरं झालं. आता खरं-खोटं इथंच होऊ दे."

बाळाला बदललं. डायपर गुलाबी पिशवीत गेलं. हौसाने पिशवी शेठच्या नाकाशी धरली. "गुलाबाच्या बागेत कुणीतरी बसल्यागत वाटतं, नाय?" शेठने रुमाल काढला. मग तिने ऋतुजाला सांगितलं, "लेकीला कडेवर घे, आणि तो भारी डबा उघड." झाकण उचलायला एक हात, डायपर आत दाबायला दुसरा. ऋतुजाला तिसरा हात कुठला? मनस्वी घसरायला लागली तसं तिने झाकण सोडून दिलं.

हौसा दुकानभर फिरली आणि कोपऱ्यातला पायाने उघडायचा साधा डबा घेऊन आली. झाकण घट्ट, आत वेगळी बादली. संगती जाड, बिनवासाच्या पिशव्या.

"घाण आधी संडासात झटकायची, डायपर नाय टाकायचं," ती समजावू लागली. "मग ते घट्ट गुंडाळून त्याच्याच पट्ट्यांनी बंद करायचं. वर कागद, आणि पिशवीवर लाल फुली. फुली दिसली की मला कळतं, हात कुठं घालायचा नाय. रोज सकाळी पिशवी माझ्या हातात द्यायची. एवढ्याला रोल नको नि गुलाब नको."

"तुम्हाला एवढं कसं माहीत, मावशी?" शेठने विचारलं. मघाशी न पाहणारा तो आता तिच्यासाठी स्टूल ओढत होता.

"शेठ, तुम्ही डबा विकता. मी तो रिकामा करते."

दुसऱ्या दिवशी ऋतुजाने लाल फुलीची पिशवी दिली. हौसाने ती उलटी धरली, हलवली, हुंगली. थेंब नाही, वास नाही. शेजारची पूजा गंमत बघत उभी होती. संध्याकाळपर्यंत तिच्याही घरी तसाच डबा आला. महिनाभरात आळीतल्या अकरा घरांत पायाचे डबे झाले. बांधावर डायपर दिसेनासं झालं. हौसाने ग्रामपंचायतीत ठाण मांडून गाडीला वेगळं लाल पिंप लावून घेतलं.

मग अंगणवाडीत नव्या आयांची बैठक भरली आणि बाईंनी हौसाला पुढे बोलावलं. तिने हातमोजे काढले, पदर खोचला. समोर तिशीच्या आतल्या वीसेक बाया, मांडीवर पोरं.

"लिहून घ्या गो," हौसा म्हणाली, आणि वीस वह्या उघडल्या.