श्वासाची जागा

मी एक कॉन्चेर्टो बोलतोय. क्लॅरिनेट वाजवणारी एकटी पुढे उभी राहते, अख्खा वाद्यवृंद तिच्या मागे बसतो, त्यांचं कधी जमतं, कधी फाटतं. अशा रचनेला कॉन्चेर्टो म्हणतात. आम्हा नव्यांचं पहिलं वादन थाटात होतं, दुसऱ्याला कुत्रंही विचारत नाही. माझे तर पहिल्याचेच वांधे झाले होते.

माझा जन्म पियानोवर झाला. लिहिणारा धाकटा भाऊ पियानोवाला, आणि वाजवणार होती त्याची थोरली बहीण. पियानोला बोटं असली की भागतं, फुप्फुसं लागत नाहीत. त्यामुळे या शहाण्याने माझ्या एका लांबलचक पानावर श्वास घ्यायला जागाच ठेवली नाही.

तालमीत ताई लालबुंद झाली. हे माणसासाठी लिहिलंय की भात्यासाठी, असं तिने विचारलं. धाकटा हटून बसला, एक सूर कमी होणार नाही म्हणाला. वाद्यवृंदाच्या संचालकांनी समजावून पाहिलं, पण दोघं एकाच आईची लेकरं, ऐकतंय कोण? ताई क्लॅरिनेट पेटीत भरू लागली आणि माझा जीव टांगणीला लागला. तिच्याशिवाय मला हात लावणारं कुणी नव्हतं.

तेव्हा कुठे धाकट्याने तोंड उघडलं.

"लहानपणी तू पलीकडच्या खोलीत वाजवायचीस ना, ताई, मी तासन्‌तास ऐकायचो. तू एकदासुद्धा श्वास घेतला नाहीस."

"दार बंद असायचं, वेड्या."

एवढा मोठा संगीतकार, आणि इतकी वर्षं हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. मला हसू आवरेना. ताई मात्र हसली नाही. तिने पेटी पुन्हा उघडली.

कार्यक्रमात त्या पानाच्या मध्यावर ताई थांबली. संचालकांची छडी हवेतच राहिली, सगळे थबकले, आणि तिने छाती भरून श्वास घेतला. तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. तिथे बसलेल्या धाकट्याने डोळे पुसले आणि घरी आल्यावर त्या जागी पेनाने खूण केली. समीक्षकांनी या विरामाच्या गूढ अर्थावर रकानेच्या रकाने भरले. ते वाचून ताईला हसता हसता ठसका लागला.

आता ताई फारशी वाजवत नाही. मी कपाटात पडून दुसऱ्या वादनाची वाट बघतोय. कुणीतरी मला बाहेर काढा. दोन-चार सूर चुकले तरी मी मनावर घेणार नाही. त्या खुणेपाशी श्वास मात्र चोरून घेऊ नका. शेवटच्या रांगेत धाकटा बसलेला असेल.