उभा चंबू

पहिला घाव कपाटावर बसला, आणि आठवडाभर फुंकलेली काच खळ्ळकन जमिनीवर आली. थेकला भिंतीला चिकटून उभी राहिली. तिचे बाबा, बाल्डुइन एश्रिश, मात्र काच वितळवायच्या दिव्यापुढच्या स्टुलावरून हलले नाहीत. पाय भात्यावर, ओठांत नळी, नळीच्या टोकाला लाल गोळा.

नाझींचे तपकिरी शर्टातले तिघे होते. पुढे एगोन त्साप्फ. तीन वर्षं याच दिव्यापाशी शिकलेला, आणि हात जड म्हणून बाबांनीच घरी धाडलेला. बाबांची काच कामगारांची संघटना सरकारने मोडली होती. आता सभासदांची नावं तेवढी द्या, म्हणजे घराला धक्का लागणार नाही, असं तो गोडीगुलाबीने समजावत होता, आणि समजावता समजावता एकेक चंचुपात्र फोडत होता.

"नावं सांगा, उस्ताद."

बाबांनी गोळा फुगवला, त्याचं बूड सपाट केलं आणि चंबू त्याच्यापुढे धरला. "आधी याचं तू सांग."

एगोनला हसूच आलं. बाबांचा नियम होता ना: भांड्याच्या नावाची कुळी सांगितल्याशिवाय शिकाऊला ते फुंकायला मिळायचं नाही.

"श्टेकोल्बन. श्टे म्हणजे उभं राहणं. कोल्बन म्हणजे पूर्वीचा सोटा, जाड डोक्याचा, टाळकी फोडायचा." त्याने बंदूक उलटी धरली. "या दस्त्यालाही कोल्बनच म्हणतात."

"बरोबर. आपल्या लोकांनी त्या आकारात श्वास भरला, म्हणून आज त्यात औषधं उकळतात. मला एवढंच नाव ठाऊक आहे, बाळा."

दस्ता तोंडावर बसला. रक्त ज्योतीवर पडून चरचरलं. दुसऱ्या घावाला पुढचे दात गेले. हात मोडला तर सांधतो. ओठ फाटले, दात गेले की नळी धरता येत नाही, काचकाम संपलं. एगोन हे याच घरात शिकला होता. तिसरा घावही त्याने तिथेच घातला. नावं मिळाली नाहीत.

चौथ्या दिवशी बाबांनी तोंडाला फडकं दाबून स्टुलाकडे बोट केलं. थेकलाने आजवर काच फक्त धुतली होती, गवतात बांधली होती. ती बसली. बाबांचं बोट तिच्या खांद्यावर: एकदा टकटक, फुंक; दोनदा, थांब. गोळा फुगला, तशी तिची छातीही फुगली. निवल्यावर तिने चंबू टेबलावर ठेवला, तर तो चक्क उभा राहिला! घरभर नाचावंसं वाटलं तिला.

बाबांनी तो उचलून उजेडात फिरवला. मान केसभर वाकडी होती. त्यांनी तो बादलीत टाकून फोडला, आणि नवी नळी तिच्यापुढे ठेवली.