चाळीस अक्कलदाढा

ताई दातांची डॉक्टर. तिच्या दवाखान्याची अपॉइंटमेंटची यंत्रणा मी बनवली. सर्व्हर नीट उत्तर देतो का हे बघायला मी टर्मिनलमधून कमांड लिहून चाळीस वेळा अक्कलदाढ काढायची अपॉइंटमेंट मागितली. चाळीसही वेळा होकार आला. मी कॉलर ताठ केली.

सकाळी ताईचा फोन आला. "अरे दिवट्या, आज दिवसभर चाळीस अक्कलदाढा काढायच्यात, आणि सगळ्यांपुढे फोन नंबर तुझाच! इथे गाल सुजलेल्या आजींना जागा मिळेना!"

चाचणीच्या सर्व्हरऐवजी मी खऱ्या दवाखान्याचा पत्ता टाकला होता.

"दोन मिनिटं दे," म्हणत मी रद्द करायची कमांड सोडली. एकोणचाळीस रद्द झाल्या. चाळिसावीला सर्व्हरने साफ नकार दिला. एका फोन नंबरवरून दिवसात एकोणचाळीसच रद्द करता येतात, हा नियम माझाच. याहून जास्त कोण कशाला करेल, असं मला वाटलं होतं.

आजी तडक खुर्चीत बसल्या. संध्याकाळची शेवटची वेळ मात्र माझ्या नावावर राहिली.

"आलास? आता आ कर," ताई म्हणाली.

दाढ खरंच किडलेली निघाली. माझ्या मते चाचणी शंभर टक्के यशस्वी झाली.