अर्धवट खरडलेली तार

झिपरीने वेटोळ्याला पुन्हा एक टिचकी मारली. तांब्याच्या तारेचं ते वेटोळं झटका बसल्यासारखं हललं, पुढे झुकलं, मागे झुकलं आणि कामचुकार माणसासारखं जागच्या जागी लवंडलं.

"मेलं हे," ती म्हणाली.

"मेलं नाही. अजून जन्मलंच नाहीये," शेजारी बसलेल्या चष्म्याने दुरुस्ती केली.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत आज प्रत्येक टेबलावर हेच चाललं होतं. एक सेल, सेलच्या दोन्ही टोकांना रबरबँडने घट्ट धरलेल्या दोन सेफ्टी पिना, सेलच्या पाठीवर लोहचुंबक आणि पिनांच्या डोळ्यांतून आरपार गेलेलं तारेचं वेटोळं. एवढ्यावर मोटर फिरते, असं वर्ग घेणाऱ्या ताईने सांगितलं होतं. तारेवर वार्निशचा पातळ थर असतो आणि त्यातून वीज जात नाही, हे चष्म्याने मघाशीच शोधून काढलं होतं. तेव्हापासून सगळ्यांनी पॉलिश पेपर घेऊन तारेची दोन्ही टोकं अशी लख्ख घासली होती की भांडी घासणाऱ्यांनी तोंडात बोट घालावं. तरी एकही वेटोळं फिरायला तयार नव्हतं. नुसती डुलत होती.

ताई हात मागे बांधून उभी होती. दिवसभर ती कानाच्या यंत्रांच्या दुकानात बसून केसाएवढ्या तारा जोडायची, तेव्हा हे वेटोळं दुरुस्त करणं म्हणजे तिच्या हातचा मळ. पण शनिवारच्या या वर्गात मुलांच्या वस्तूला आपण हात लावायचा नाही, हा नियम तिने स्वतःलाच घालून घेतला होता आणि तो पाळणं तिला जड जायचं म्हणूनच हात मागे.

आज तर फारच जड जात होतं. भिंतीला टेकून पालक उभे होते आणि त्यांच्यापुढे खुर्चीत वाचनालयाचे अध्यक्ष बसले होते. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं मोठं दुकान होतं आणि एकदा कापड फाडलं की परत घ्यायचं नाही, हाच त्यांचा इतर बाबतींतलाही बाणा होता. परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या एका खासगी वर्गाने शनिवारसाठी ही खोली मागितली होती. "तुमचा वर्ग एकदा डोळ्यांनी बघतो, मग काय ते ठरवू," असं अध्यक्ष म्हणाले होते. आता ते बघत होते आणि त्यांना जे दिसत होतं ते काही बरं नव्हतं.

त्यांच्या शेजारच्या खुर्चीत ताईचे वडील होते. हा वर्ग त्यांनीच सुरू केलेला. गुडघ्यांनी जिना चढायला साफ नकार दिला तेव्हा त्यांनी तो मुलीच्या हवाली केला होता आणि तेव्हापासून आज प्रथमच, कठडा धरून, मध्ये थांबत, ते वर आले होते. सगळे त्यांना सर म्हणत. सरांच्या वर्गात प्रयोग कधी फसल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

"सरांच्या वेळी एका टिचकीत फिरायचं हो," एका आईने दुसरीच्या कानात सांगितलं. कानात सांगितलेलं खोलीभर ऐकू जावं, असा तिचा आवाज होता.

फिरायचं, हे खरंच होतं. का फिरायचं, हे ताईला माहीत होतं. वर्गाच्या आदल्या दिवशी बाबा स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचे आणि एकेक वेटोळं स्वतः घासून, पिनांवर चढवून, फिरवून पाहून डब्यात भरायचे. तो डबा धरायला लहानपणी तीच बसायची. दुसऱ्या दिवशी मुलं वेटोळं उचलायची, ठेवायची, टिचकी मारायची. टाळ्या व्हायच्या. मुलं खूश, पालक खूश, बाबा तर सगळ्यांहून खूश. मोटर का फिरते, असं मात्र कधी कुणी विचारलं नाही. आपसूक फिरणाऱ्या गोष्टीला कोण विचारणार?

"जरा पाणी देतेस?" सरांनी हाक मारली.

ताई भांडं घेऊन गेली. त्यांनी पाणी घेतलं आणि भांडं परत देताना तिच्या तळव्यात काहीतरी टोचलं. तारेचं वेटोळं होतं.

"सकाळी करून ठेवलंय," ते ओठ न हलवता बोलले. "झिपरीच्या टेबलावर बदलून टाक. हातासरशी. कुणाला कळायचं नाही."

"बाबा, अहो..."

"अगं, खोली जाईल हातची! एक फिरू दे, हे उठून जाऊ देत, मग शिकव तुला काय शिकवायचं ते."

तिला राग आला आणि त्याच वेळी गलबलूनही आलं. डोळ्यांना जवळचं नीट दिसत नाही म्हणून वर्तमानपत्रही दुसऱ्याकडून वाचून घेणारा हा माणूस सकाळी खिडकीशी बसून तार घासत होता. आपल्या मुलीची फजिती होणार, हे गृहीत धरून. आणि ते चुकीचं बोलत होते असंही नाही. खोली गेली तर वर्ग संपला. गावात दुसरी फुकट खोली कोण देणार होतं?

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, मग जिन्याकडे पाहिलं.

ताई झिपरीच्या टेबलाशी गेली. मूठ वळलेलीच होती. झिपरी वेटोळ्यावर फुंकर घालत होती. तिच्या आजीने तिचं हे नाव ठेवलं होतं आणि आत्ता तिच्या डोक्याकडे पाहून आजीला कुणी दोष दिला नसता. हात पुढे करायचा, एक उचलायचं, एक ठेवायचं. क्षणाचं काम.

तिने मूठ उघडली आणि वेटोळं टेबलाच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं.

"हे तुमच्यातलं नाही," ती मोठ्याने म्हणाली. "सरांनी घरून करून आणलंय. लाव बघू."

झिपरीने लावलं, टिचकी मारली आणि वेटोळं भुर्रकन फिरायला लागलं. फिरतच राहिलं. त्याच्या कडा दिसेनाशा झाल्या. पालकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांचा जीव भांड्यात पडला. त्यांना जेवायला घरी जायचं होतं.

"वा! झालं की मग," ते उठत म्हणाले.

"नाही झालं," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "हे एकच फिरतंय. हे का फिरतं आणि आपली का फिरत नाहीत, ते आता शोधायचंय. बसा ना जरा."

फाडलेलं कापड परत करायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं अध्यक्षांनी तिच्याकडे बघितलं आणि ते अर्धवट बसले. सरांनी मान खाली घातली होती. त्यांचे कान लाल झाले होते.

सगळ्या टेबलांवरची मुलं झिपरीच्या टेबलावर तुटून पडली. कुणी सरांच्या वेटोळ्याचे वेढे मोजले, कुणी पिना तपासल्या. वेढे तेवढेच, पिना त्याच. मग चष्म्याने आपला चष्मा काढून भिंगासारखा धरला आणि तारेचं टोक अगदी नाकाशी नेलं.

"हे टोक बरोबर आहे. पण या दुसऱ्या टोकाला वरच्याच बाजूने घासलंय. खालच्या बाजूला वार्निश तसंच आहे."

झिपरीने ते हिसकावून पाहिलं. मग ती सरांकडे वळली आणि शहाण्या माणसाने दुसऱ्याची चूक पोटात घालावी, तशा मायेने म्हणाली, "सर, तुमचं काम अर्धवट राहिलंय."

खोलीत हशा पिकला. अध्यक्षही हसले. सरांनी तोंड उघडलं. आयुष्यभर हीच वेटोळी घासलेला माणूस तो, उत्तर त्यांच्या जिभेच्या टोकावर होतं. ताईने त्यांच्याकडे पाहिलं. सरांनी तोंड मिटलं आणि थंडीत मुलं बसतात तसे दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले.

"थांबा, मी पूर्ण करून देते," झिपरी म्हणाली आणि पॉलिश पेपर उचलला.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. खोलीत फिरणारी एकुलती एक वस्तू ती. "नको" म्हणायच्या आत तिने हात पुन्हा मागे बांधले.

झिपरीने मन लावून घासलं, फुंकर मारली, परत घासलं. आता दोन्ही टोकं नव्या नाण्यासारखी चमकत होती. तिने वेटोळं पिनांवर ठेवलं आणि ऐटीत टिचकी मारली.

ते डुललं आणि लवंडलं.

"घालवलंस!" चष्म्या ओरडला.

"अरेरे," पालकांतून आवाज आला. "होतं तेही गेलं."

अध्यक्ष आता पुरते उठले. "बरं, चालू द्या तुमचं," असं म्हणून त्यांनी सदरा सारखा केला. त्या बोलण्याचा अर्थ लहान मुलालाही कळला असता. ताईला वाटलं, संपलं. आपल्या हट्टापायी आपण बाबांचा वर्ग बुडवला. बाबांकडे बघायची तिची छाती होईना.

झिपरी रडली नाही. ती वेटोळ्याकडे बघत होती, भांडणात समोरच्याकडे बघतात तशी.

"पण मी तर चांगलं केलं त्याला," ती पुटपुटली. "मी चांगलं केलं आणि ते बंद पडलं. म्हणजे..." तिने डोकं खाजवलं. "म्हणजे वाईटच पाहिजे त्याला! अर्धवटच पाहिजे!"

"काहीतरीच काय," चष्म्या म्हणाला. "अर्ध्या वेळी वीजच जाणार नाही मग."

"हो, नाहीच जाणार."

"आणि वीज न जाता फिरेल कसं?"

झिपरी नुसती हात हलवत राहिली, पुढे, मागे, पुढे, मागे. आणि एकदम तिचे हात थांबले.

"झोका! अरे, धाकट्याला मी झोका देते ना, तेव्हा पुढे जाताना ढकलते. मागे येताना हात काढून घेते. मागे येतानाही ढकललं की झोका थांबतो आणि तो भोकाड पसरतो!"

चष्म्याने चष्मा नाकावर चढवला. त्याचे डोळे मोठे झाले. "म्हणजे वार्निशची बाजू आली की वीज हात काढून घेते. आणि अर्धी फेरी ते आपलं आपणच..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. मुलं आपापल्या टेबलांकडे पळाली. नवी तार ओढली गेली, मार्करवर वेढे घातले गेले, पॉलिश पेपरसाठी मारामाऱ्या झाल्या. "एक टोक पूर्ण, दुसरं अर्धं!" झिपरी सेनापतीसारखी ओरडत फिरत होती. दाराशी पोचलेल्या अध्यक्षांना तिने वाटेतच गाठलं.

"आजोबा, हा चुंबक पकडा. माझा रबरबँड तुटलाय."

अध्यक्षांनी पकडला. दुसरं ते काय करणार? खाली वाकले, मग वाकून पाठ दुखते म्हणून जमिनीवर बसले. त्यांच्या नाकासमोर झिपरीने वेटोळं ठेवलं आणि टिचकी मारली.

ते फिरलं.

मग चष्म्याचं फिरलं. मग खिडकीजवळचं. मग एकदम कुठली कुठली फिरायला लागली ते सांगता येईना, कारण प्रत्येक टेबलावरून "फिरलं! फिरलं!" असा आरडाओरडा उठत होता. खाली वाचनालयात शांतता राखा असं लिहिलेल्या पाट्यांखाली बसलेले वाचक माना वर करून छताकडे बघू लागले. आई-वडील भिंत सोडून टेबलांपाशी आले आणि मुलं त्यांना दटावून सांगू लागली, हात लावू नका, आधी सांगा का फिरतं. एका वडिलांना सांगता आलं नाही. त्यांच्या मुलीने त्यांना अगदी पहिल्यापासून समजावलं आणि समजलं का, असं दोनदा विचारलं.

ताई खोलीच्या मध्यभागी उभी होती. तिला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांतलं पाणीही आवरत नव्हतं. दोन्ही आवरायचा तिने फारसा प्रयत्नही केला नाही. इतका आनंद तिला ठाऊक नव्हता. आपल्या हाताने काहीच केलं नाही आणि तरी सगळं आपलंच झालं, असा तो आनंद होता.

"मला एक पूर्ण करू दे गं," अध्यक्ष जमिनीवरून झिपरीला म्हणत होते. त्यांच्या हातात तार होती आणि जेवणाची वेळ केव्हाच टळली होती. ताई जवळ गेली तेव्हा ते मान वर न करताच बोलले, "त्या परीक्षावाल्यांना कळवून टाकतो मी. शनिवारी खोली मोकळी नाही." मग तार डोळ्यांशी नेऊन त्यांनी विचारलं, "एवढं घासलेलं पुरे का?"

"लावून बघा," ताई म्हणाली.

सर खुर्चीतच होते. मांड्यांखालचे हात आता बाहेर आले होते आणि गुडघ्यांवर नुसते पडले होते. त्यांच्याशेजारी एक बाई येऊन टेकल्या. त्या या भागात नव्याने राहायला आल्या होत्या, मुलाला पहिल्यांदाच वर्गाला घेऊन आल्या होत्या आणि मघापासून भिंतीच्या टोकाला उभ्या होत्या. अशा ठिकाणी शेजारच्याशी बोलायला सुरुवात करावी तशी त्यांनी केली.

"माझा तो निळ्या शर्टातला. तुमचं कोण आहे हो यात?"

सरांनी सगळ्या गलक्यावरून बोट लांब केलं.

"ती. मधोमध उभी आहे ना, ती," ते म्हणाले. "सगळ्यांत उंच."