फेब्रुवारीतला निळा गुलाल

प्रेमानंदच्या कानामागे निळा गुलाल दिसला तेव्हा मी त्याला दुसरी पोळी वाढत होते. आमच्याकडे निळा गुलाल म्हणजे जयंती, आणि जयंती एप्रिलमध्ये. हा फेब्रुवारी. मी पोळीवर तूप सोडलं. संशय आधी थोडा मुरू द्यावा लागतो, लोणच्यासारखा.

प्रेमानंद, म्हणजे माझा नवरा, ‘काळी बत्ती’चा गिटारवाला. देशभर नाव असलेला रॉक बँड. कार्यक्रम संपताना गर्दीवर निळी भुकटी उडायची, ती कल्पनाही याचीच. बाटलीही तिथलीच. डॉक्टरांनी लिव्हरचं सांगितलं तेव्हा त्यानं बाटली सोडली, बँड सोडला आणि आम्ही मुंबईहून हुडकेश्वरला आलो. मी एवढंच बजावलं होतं, की परत त्या लोकांत गेलात तर मी मौद्याला माहेरी जाईन, आणि न्यायला येऊ नका.

आता म्हणे एकट्याचा अल्बम चालला होता, वाडीच्या एका स्टुडिओत. रात्री घरी यायचा तो तोंडाला वेलचीचा वास घेऊन. दारूचा असता तर भांडता तरी आलं असतं. त्यात बँडचा मॅनेजर विक्रम माझ्या फोनवर, वहिनी, दादा फोन उचलत नाहीत हो. उचलत नाहीत, की माझ्यासमोर उचलत नाहीत?

दुसऱ्या दिवशी स्कूटी काढली आणि ट्रकांच्या धुरातून त्याच्या मागे गेले. तो एका गोदामात शिरला. आत स्टुडिओ नव्हता. धुमालची गाडी उभी होती, वरातीपुढे ढोल-ताशे वाजवत चालते ती. वर भोंग्यांच्या मध्ये, टोपी कपाळावर ओढून, माझा नवरा गिटार जुळवत होता.

धुमालचे मालक भैय्याजी कौतुकानं सांगू लागले, की काल बौद्धांच्या लग्नाची वरात होती, नुसता निळा गुलाल. शिवाय वेलचीचा चहा हातात दिला, रोज रात्रीचा तोच वास. आपलाच गुलाल, आणि मला संशय आला तो बँडचा.

प्रेमानंद खाली उतरला. मी विचारलं, “सांगितलं काहून नाही?”

“काय सांगू वं? अल्बम कोणी घेत नाही, अन् काळी बत्तीचा प्रेमानंद वरातीत वाजवून राहिला?”

दया आली. पण विक्रमचं काय? त्याला तर केव्हाच नाही म्हटलंय, म्हणाला. बाटलीलाही तो अनेकदा नाही म्हणाला होता.

“लावा फोन. स्पीकरवर, माझ्यासमोर.”

पलीकडून विक्रम घाईघाईनं बोलला, की नवा गिटारवाला सोडून गेलाय, रविवारी पुण्यात कार्यक्रम आहे, दादांनी फक्त हो म्हणावं. प्रेमानंदनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गाडीकडे.

“रविवारी वरात आहे, विक्रम.”

“घरात कुणाचं लग्न आहे का, दादा?”

“नाही गा. मी वाजवतो वरातीत. धुमालच्या गाडीवर. सांग सगळ्याइले.”

विक्रम हसला. मग हसायचा थांबला. जे मला सांगायची याला लाज वाटली, ते यानं आता अख्ख्या मुंबईला सांगितलं होतं. परत बँडमध्ये जायला तोंडच ठेवलं नाही.

“जा आता घरी,” तो टोपी नीट करत म्हणाला.

“वाजवा तर पहिले,” म्हटलं, आणि तिथल्याच एका पोत्यावर बसले.