शेजारचं अक्षर

वैदेहीची मुलाखत दुपारी होती, लॅपटॉपवर. बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत पीएचडीनंतरची जागा निघाली होती. जागा एकच. संगणकावर जनुकं वाचणारा चालेल, नाहीतर प्रयोगशाळेत रोपांवर काम करणारा चालेल, असं जाहिरातीत होतं. पीएचडी होऊन पोरगी घरी बसली की सोलापुरात लोक काय काय विचारतात ते सांगायला नको. ही जागा हातची गेली तर पुढं काय, याचं उत्तर तिच्याकडं नव्हतं.

सकाळी ती शेवटची उजळणी करत बसली. जनुक म्हणजे रासायनिक अक्षरांची लांबलचक ओळ; मालदांडी ज्वारीच्या एका जनुकातलं एक अक्षर बदललं तर पीक पाण्याचा ताण जास्त सोसेल, असं तिनं संगणकावर शोधून काढलं होतं. त्यावरच तिचं नाव झालेलं. त्या अक्षराची जागा तिनं सहज ताडून पाहिली, तर ती चुकलेली निघाली. एक प्रोग्रॅम अक्षरं शून्यापासून मोजत होता, दुसरा एकपासून. पहिल्यातला आकडा तिनं तसाच दुसऱ्यात उतरवला होता. बोट शेजारच्या अक्षरावर पडलं होतं.

ही चूक टाळायला या धंद्यात नव्या पोरांना आधी शिकवतात. हुशार माणूस मात्र ती करतो आणि वर दुसऱ्यावर डाफरतो. इथंही तेच झालं होतं. वैदेहीनं दाखवलेलं अक्षर रोपात बदलायचं काम रेश्माचं, तिच्याच प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीचं. पण पाणी तोडलं की रोपं माना टाकायची. "जागा चुकली असंल, एकदा बघ की," असं रेश्मा लई वेळा म्हणाली. वैदेहीनं बघितलं नाही. उलट "हिचा हातच बसलेला नाही," असं प्रयोगशाळेचे प्रमुख गंगाधर सर यांच्यासमोर बोलून गेली. सरांनी रेश्माला कामावरून काढलं. आता ती होटगीत बारावीच्या शिकवण्या घेते.

"आई, माझं चुकलंय," म्हणत वैदेहीनं सगळं सांगून टाकलं.

यशोदाबाई शेंगा फोडत होत्या. "आधी मुलाखत होऊ दे. मग काय निस्तरायचं ते निस्तर."

"त्यांनी विचारलं तर?"

"आपणहून कशाला पायावर धोंडा पाडून घेतेस?"

आईचं म्हणणं तिला पटलं, आणि पटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

मुलाखत घेणाऱ्यांत मुख्य होते शिवप्पा सर. थोडं इकडचं तिकडचं विचारून त्यांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "रोपांत हे उतरलेलं दिसत नाही. कशामुळं?"

प्रयोग करणारीचं कौशल्य कमी पडलं, हे उत्तर घोकून तयार होतं. दारातून आईनं नको म्हणून मान हलवली.

"रेश्माचा प्रयोग बरोबर होता, सर. मोजणी माझी चुकली. आज सकाळी कळलं."

शिवप्पा सरांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे त्या मुलीची रोपं तुमच्या विरुद्ध साक्ष देत होती. तिनं निकाल झाकले नाहीत?"

"नाही. सगळे दाखवले. म्हणून तर काम गेलं तिचं."

"या जागेसाठी तिनं अर्ज का केला नाही?"

"शिफारसपत्र कोण देणार तिला?"

"तिचा नंबर आहे?"

आता वैदेहीच्या सगळं ध्यानात आलं: जागा एकच होती, आणि ती रेश्माकडं चालली होती. नेट गेलं म्हणून लॅपटॉप मिटता आला असता, सोलापुरात ते कुणालाही पटलं असतं. तिनं एकेक आकडा सावकाश सांगितला. "शिफारसपत्र मी देईन, सर," असंही म्हणाली.

मुलाखत संपल्यावर तिनं तोच नंबर लावला. आई शेजारी येऊन बसली.

"रेश्मा, तुझी रोपं बरोबर होती गं."

पलीकडं वर्गाचा गलका चालला होता. रेश्मानं पोरांना गप्प केलं.

"ते मला ठाऊक हाय की," ती म्हणाली. "तुला कधी कळलं?"